भाच्याच्या रक्ताच्या रिपोर्टवरून पुढचं सांगता येतं का?

तासगावकर_मामा

नमस्कार. तासगाव तालुक्यातनं लिहितोय, विषय गंभीर आहे त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. जन्माला तीन किलोचा, एकदम गुटगुटीत, दोन महिन्यांपर्यंत काही म्हणजे काही नव्हतं. मग तोंडात पांढरी बुरशी आली ती जाईना, जुलाब लागले ते थांबेनात, त्यात खोकला. औषध दिलं की चार दिवस बरं आणि परत पहिले पाढे. वजन जागचं हललेलं नाही. डाव्या दंडावर बीसीजी टोचली होती तिथं अजून चिघळतंय आणि काखेत गाठ आलीये. सगळे म्हणत होते दात यायच्या आधी असं होतं, उन्हाळा आहे, बाळाला बाहेरचं वारं लागलं. शेवटी मिरजेच्या एका बालरोग डॉक्टरांनी जुने कागद बघितले आणि म्हणाले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी आहेत, हे साधं नाही, आणि त्यांनी रक्त मुंबईला पाठवलं.

तो रिपोर्ट परवा आला, त्यात लिम्फोसाइटच्या वेगवेगळ्या प्रकारांचे आकडे आहेत. सीडी३ ११०, सीडी४ ७०, सीडी८ ३५, सीडी१९ १३००, एनके १५. डॉक्टर म्हणाले 'स्किड' असण्याची दाट शक्यता, म्हणजे प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीच, बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागेल, वेळ न घालवता मुंबई गाठा. आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडी) मात्र ३१० आहे आणि त्याच्यापुढं नॉर्मल लिहिलंय, त्यामुळं घरात एक जण म्हणतोय की थोडी तरी शक्ती आहे, थांबून बघूया.

माझा प्रश्न सरळ आहे. या आकड्यांवरून बाळ वाचणार का, किती टक्के चान्स, हे कळतं का? कारण दाजींच्या घरातले थोरले म्हणतायत की रक्तातच सगळं आलंय तर कशाला लेकराला सुया टोचत हिंडायचं. मला ते पटत नाहीये पण उत्तर पण देता येईना. दुसरं, बहीण सख्ख्या आत्याच्या घरी दिलीये, त्यामुळं आता त्यावरनं पण बोलणी सुरू झालीयत, बिचारी रडून रडून अर्धी झालीये. तिला मोठी मुलगी आहे तीन वर्षांची, ती ठणठणीत आहे. आणि आमच्या आईची माझ्या आधीची दोन मुलं तान्ही असतानाच गेली होती, त्याचा काही संबंध असेल तर सांगा, डॉक्टरांना हे सांगायचं राहिलंय. द्राक्षबाग काढायची तयारी आहे माझी, फक्त कुणीतरी नीट सांगा की हे आकडे काय म्हणतायत.

मिरज_लॅब

दादा, मी मिरजेत लॅबला आहे, डॉक्टर नाही, त्यामुळं उपचाराचं बोलत नाही पण कागदाचं बोलतो. बाळाचा पहिल्यांदा केलेला साधा सीबीसी असेल ना, तो टाका इथं. नुसतं टोटल काउंट आणि लिम्फोसाइटचे टक्के सांगितले तरी चालेल.

तासगावकर_मामा

अडीच महिन्यांचा असतानाचा आहे. टोटल डब्ल्यूबीसी ९४००, लिम्फोसाइट १६ टक्के. खाली शेरा काहीच नाही.

मिरज_लॅब

बघा आता. ९४०० चे १६ टक्के म्हणजे १५०४. हा झाला लिम्फोसाइटचा खरा आकडा, ॲब्सोल्यूट काउंट. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला शेजारी जी नॉर्मल रेंज छापून येते ती मोठ्या माणसाची असते, हजार ते तीन-चार हजार, त्यामुळं १५०४ ला ना लाल रंग येतो ना बाण. पण तान्ह्या बाळाचं गणितच वेगळं असतं, बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त असतात आणि ३००० च्या खाली गेलं की विचार करायला लागतो. म्हणजे दीड-दोनशे रुपयांच्या सीबीसीत तेव्हाच दिसत होतं, फक्त कुणी गुणाकार केला नाही. मी हे दोष द्यायला लिहीत नाहीये, इथं वाचणाऱ्या बाकीच्या आईबापांसाठी लिहितोय, बाळाला सारखं इन्फेक्शन होत असेल तर सीबीसीवर हा एक गुणाकार स्वतः करून बघा आणि आकडा कमी आला तर तो कागद घेऊन बालरोग तज्ज्ञांकडं जा. एकदा कमी आला म्हणजे स्किडच असं नाही, व्हायरल तापात पण खाली जातो, पण परत तपासून तसाच राहिला तर सोडायचा नाही.

आता आयजीजी. ते ३१० बाळाचं नाहीच, आईचं आहे. वारेतनं आईच्या अँटिबॉडी बाळात जातात आणि पहिले काही महिने त्याच पुरतात, हळूहळू कमी होत जातात. म्हणून तर पोरगं दोन महिने गुटगुटीत होतं. त्या नॉर्मलवर विसंबून थांबू नका, हे मी हात जोडून सांगतो.

अजून एक, मुंबईला परत रक्त द्यायला सांगितलं तर शक्यतो बाळाला तिथं नेऊनच द्या. सीडी३-सीडी४ चं जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त पेशी जिवंत असताना मशीनवर जायला लागतं, एक-दोन दिवसांच्या आत, आणि ते बर्फात ठेवायचं नसतं. सँपल संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीत कुणाच्या तरी हातात दिलं, त्यानं भलेपणानं आइसपॅक गुंडाळला आणि सगळं वाया गेलं असं होतं. काही टेस्टला तर बाळाच्या ट्यूबसोबत एका निरोगी माणसाचं रक्त पण त्याच डब्यात पाठवतात, म्हणजे आकडा वाईट आला तर तो आजारानं आला का प्रवासानं हे कळावं म्हणून.

साताऱ्याची_आई

मामा, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला स्किड नाही, सीजीडी आहे, हा पण जन्मजात प्रतिकारशक्तीचाच आजार, पण वेगळा. यात पांढऱ्या पेशी असतात भरपूर, जंतूला गिळतात पण, फक्त मारायला जे ऑक्सिजनचं रसायन लागतं ते त्यांना बनवता येत नाही. आमचं निदान डीएचआर नावाच्या रक्ताच्या टेस्टनं झालं.

आकड्यावरून पुढचं कळतं का, हाच प्रश्न मी पण विचारला होता, आणि सीजीडीत त्याचं उत्तर बऱ्यापैकी हो असं आहे. अमेरिकेत २८७ पेशंटचा अभ्यास झालाय, २०१० ला छापून आला, त्यात दिसलं की पेशींमध्ये ते ऑक्सिजनचं रसायन थोडं जरी बनत असलं तरी ती माणसं जास्त जगतात, आणि जितकं जास्त शिल्लक तितकं आयुष्य जास्त. म्हणजे शून्य आणि 'अगदी थोडं' यात जमीनअस्मानाचा फरक. माझ्या मुलाच्या डीएचआरच्या ग्राफमध्ये कळस पूर्ण डावीकडं, म्हणजे शून्याला, चिकटलेला नव्हता, किंचित सरकलेला होता. डॉक्टरांनी पेनानं त्या दोन कळसांच्या मधल्या फटीवर खूण केली आणि म्हणाले या एवढ्या जागेवर आपण काम करायचं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पण खरं सांगू का, त्या फटीनं त्याला वाचवलं नाही, रोजच्या औषधानं वाचवलं. रोज सकाळी कोट्रिमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक, रोज बुरशीचं औषध, एक दिवस चुकवायचं नाही, सणाला नाही, लग्नाला नाही. आणि गोठा बंद. आमचं गाव कराडच्या बाजूला, घरात म्हशी, परड्यात कडब्याची गंज, ऊस गेला की शेतात पाचट. सीजीडीच्या मुलाला कुजलेल्या कडब्यातली, पाचटातली, शेणखतातली बुरशी श्वासातनं गेली की फुफ्फुसात न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो. कडबा कुट्टीचं मशीन चालू असताना शंभर पावलांवर पण त्याला उभं करत नाही मी. सासूबाईंना हे पटायला लई वेळ लागला, त्या म्हणायच्या मातीत खेळल्याशिवाय पोरं घट्ट होत नाहीत. आता त्याच दारात उभ्या राहून बाकीच्यांना ओरडतात.

तुमच्या बहिणीला माझं एवढं सांगा की नात्यात लग्न झालं म्हणून तिनं स्वतःला खाऊ नये. आमचं पण मामाच्या घरातलंच आहे. आमच्याकडं त्याचा संबंध निघाला हे खरं, दोघांकडनं एकेक बिघडलेला जीन आला. पण ते कुणी ठरवून केलं का? सातारा-सांगलीत बऱ्याच घरात हीच नाती आहेत. आणि तुमच्या घरात तर दुसरंच काही असू शकतं, आईची दोन मुलं गेली म्हणताय ते डॉक्टरांना आधी सांगा, यावर इथं कुणी डॉक्टर असतील तर बोला प्लीज.

जतचा_पाटील

मामा, आकड्यांच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. माझ्या पुतण्याला एका ठिकाणी रिपोर्ट बघून सांगितलं होतं सहा महिने पण काढणार नाही, आज पोरगं शाळेत जातंय. कागदावर माणसाचं आयुष्य लिहिलेलं नसतं. बाळाला घेऊन जा, देवाचं नाव घ्या, टक्के विचारूच नका. टक्के विचारले की माणूस आतनं खचतो आणि मग धावपळ पण होत नाही.

बालरोग_रेसिडेंट

मी मूळचा सांगलीचा, सध्या मुंबईत पेडियाट्रिक्सला आहे. बाळाला मी बघितलेलं नाही त्यामुळं हे फक्त रिपोर्ट वाचून. ड्युटी संपवून लिहितोय, विस्कळीत झालं तर परत विचारा.

पाटीलसाहेबांचं मला अर्धं पटतं. टक्के ऐकून लोक खचतात हे रोज बघतो. पण या बाळाच्या बाबतीत आकडे बघायलाच लागतील, कारण ते 'किती दिवस' हे सांगत नाहीयेत, ते 'किती घाई' हे सांगतायत. स्किडवर उपचार झालाच नाही तर बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. उपचार झाला तर चित्र पूर्ण वेगळं. त्यामुळं थोरल्यांना सांगा की रक्तात 'वाचणार नाही' असं आलेलं नाही, रक्तात 'असंच ठेवलं तर वाचणार नाही' असं आलंय. या दोन्हीत फार फरक आहे.

आता सीडी३ ११०. सीडी३ म्हणजे टी पेशी, इन्फेक्शनशी लढणाऱ्या मुख्य लिम्फोसाइट. लोकांना वाटतं २० पेक्षा ११० बरं, तर तसं नसतं. ३०० च्या खाली म्हणजे टी पेशी नाहीतच असं धरून चालायचं, त्यात वरखाली करून काही निघत नाही. उलट कधीकधी सीडी३ चा आकडा बराच वर दिसतो आणि फसवतो, कारण त्या पेशी बाळाच्या नसतात, पोटात असताना आईच्या रक्तातनं आलेल्या असतात आणि बाळाचं शरीर त्यांना हाकलू शकत नाही. म्हणून नुसता काउंट बघत नाहीत, नव्यानं तयार झालेल्या, कोऱ्या टी पेशी किती आहेत तेही बघतात. त्यासाठी सीडी४५आरए नावाची खूण तपासतात आणि दुसरी टेस्ट म्हणजे ट्रेक. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होताना डीएनएचा एक छोटा गोल तुकडा कापला जाऊन बाजूला पडतो, शिंप्याकडं कापड बेतल्यावर कातरण पडते ना तसा. कातरण सापडली म्हणजे दुकान चालू आहे, नसली तर बंद. बाळाच्या टाचेतलं थेंबभर रक्त कागदावर घेऊन ही टेस्ट होते. अमेरिकेत विस्कॉन्सिननं २००८ मध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सुरू केली आणि २०१८ संपेपर्यंत तिकडच्या सगळ्या राज्यांत आली. आपल्याकडं प्रत्येक बाळाची होत नाही म्हणून मुलं आजारी पडल्यावर सापडतात, आणि सगळं नुकसान त्या मधल्या काळात होतं.

मधल्या काळात म्हणजे काय ते आकड्यात सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या २५ सेंटरवर २००० ते २००९ मध्ये ट्रान्सप्लांट झालेल्या २४० स्किड बाळांचा अभ्यास २०१४ ला छापून आला. साडेतीन महिन्यांच्या आत ट्रान्सप्लांट झालेली ९४ टक्के बाळं पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी पण इन्फेक्शन न झालेली, ९० टक्के. इन्फेक्शन झालं पण ट्रान्सप्लांटच्या आधी आटोक्यात आलं, ८२ टक्के. आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी इन्फेक्शन चालूच होतं त्यांचं सगळ्यात वाईट. आपल्याकडं मुलं उशिरा आणि आजारी अवस्थेत पोचतात, त्यामुळं हेच टक्के जसेच्या तसे इथं लावू नका. पण क्रम तोच राहतो. बाळाचं साडेतीन महिन्यांचं वय आता निघून गेलंय, ते परत येत नाही. इन्फेक्शन आटोक्यात आणणं मात्र अजून हातात आहे, आणि ८२ आणि त्याखालच्या आकड्यातला फरक तिथंच आहे. म्हणून म्हणतो, टक्के विचारताय ना, तर ते टक्के सीडी३ मध्ये नाहीत, ते या काखेतल्या गाठीत, खोकल्यात आणि जुलाबात आहेत.

काखेतली गाठ आणि चिघळलेली जागा, हे बीसीजीचं असू शकतं. लस टोचलेल्या जागी महिना-दीड महिन्यानं पू येऊन खपली धरणं हे सगळ्याच बाळांत होतं आणि आपोआप भरतं, पण साडेचार महिन्यांनी चिघळतंय आणि गाठ आहे तर ती जिवंत लस या बाळात वाढत असू शकते. त्यासाठी टीबीची औषधं द्यायला लागतात. मुंबईला गेल्या गेल्या पहिल्यांदा दंड उघडा करून दाखवा. आणि कुठंही, अगदी रस्त्यात कुठल्या हॉस्पिटलला थांबायची वेळ आली आणि रक्त चढवायचं म्हणाले, तर ते इरॅडिएट केलेलं (किरण दिलेलं), सीएमव्ही नावाचा विषाणू नसलेलं म्हणजे सीएमव्ही निगेटिव्ह रक्तच पाहिजे असं स्वतःच्या तोंडानं सांगा. साधं रक्त या बाळाला घातक ठरू शकतं, कारण दात्याच्या टी पेशी बाळाच्या अंगावर उलटतात. आईच्या दुधातनं सीएमव्ही जाऊ शकतो, त्यामुळं आईची सीएमव्ही टेस्ट करून दूध चालू ठेवायचं का ते विचारा. दूध थांबवायला सांगितलं तर बहिणीला परत अपराधी वाटेल, तेव्हा कुणीतरी तिच्याजवळ बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. आईची दोन मुलं तान्ही असताना गेली, मुलगेच होते ना? टी नाही, एनके नाही, पण बी पेशी म्हणजे सीडी१९ भरपूर, मुलगा आजारी, मोठी बहीण ठणठणीत, आणि आजोळी मुलगे गेलेले. हे चित्र एक्स गुणसूत्रावरनं येणाऱ्या स्किडचं असतं, आयएल२आरजी नावाचा जीन. तसं असेल तर हा आजार आईकडनं मुलाकडं येतो आणि त्यात नात्यातल्या लग्नाचा काडीचाही संबंध नाही. बहीण गावातल्या गावात दिली असती काय आणि अमेरिकेत दिली असती काय, मुलगा झाला असता तर शक्यता तेवढीच होती. जॅक३ नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये पण रक्ताचं चित्र असंच दिसतं आणि तिथं नात्याचा संबंध येऊ शकतो, म्हणून जीन टेस्ट झाल्याशिवाय पक्कं धरू नका, पण घरातली बोलणी आजच्या आज थांबवायला एवढं पुरेसं आहे. सीडी१३२ म्हणून एक फ्लो टेस्ट असते तिच्यात लवकर अंदाज येतो. आणि जीनचा रिपोर्ट नीट जपा, पुढच्या वेळी बहिणीला दिवस गेले तर तिसऱ्या महिन्यातच तपासता येतं. तुमच्या बाकीच्या बहिणी, मावशा असतील तर त्यांनाही ते कळायला हवं.

तासगावकर_मामा

डॉक्टर, व्हय, दोन्ही मुलगेच होते. एक सहा महिन्यांचा, एक आठ. आईला आत्ता फोनवर विचारलं तर म्हणाली दोघांच्या पण तोंडात पांढरं यायचं. चाळीस वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं, ती फोनवरच रडायला लागली. दाजींना तुमचा मेसेज वाचून दाखवला, ते काही बोलले नाहीत पण बॅग भरायला घेतलीये.

पैशाचं आणि डोनरचं जरा कुणी सांगा. आमचे चुलते विट्याचे, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात चेन्नईला असतात, ते म्हणतायत इकडं या, राहायची सोय आहे. मुंबई का चेन्नई?

इस्लामपूरचा_बाबा

मामा, आमच्या मुलीचं ट्रान्सप्लांट झालंय, स्किडच होतं, डोनर मीच, अर्धा मॅच. तुमच्याकडं तर मोठी मुलगी आहे, तिची एचएलए टेस्ट, म्हणजे बोन मॅरो जुळतो का ती तपासणी, पहिल्याच दिवशी करायला सांगा. सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते, जुळलं तर सोन्याहून पिवळं, स्किडमध्ये बऱ्याचदा केमो न देता पण देतात मग. नाही जुळलं तरी आईवडील अर्धे जुळतातच, आता त्याच्यात पण चांगलं जमतं.

आधी मुंबईच गाठा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आयसीएमआरची, तिथं याच आजारांच्या टेस्ट होतात. ट्रान्सप्लांट पुढं कुठं करायचं ते डॉक्टर सांगतील, चेन्नई-वेल्लोरला पण उत्तम होतं आणि राहायला घरचं असेल तर ती मोठी गोष्ट आहे, कारण काही महिने तिकडंच राहायला लागतं आणि भाड्यानंच माणूस निम्मा बुडतो. बाग विकायची घाई करू नका. दुर्मिळ आजारांचं २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे त्यात स्किड आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण अर्ज नेमलेल्या सेंटरमधनंच जातो आणि केईएम त्यातलं एक आहे. पहिल्या दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेटा, आधार, रेशन कार्ड, बाळाचा जन्मदाखला झेरॉक्ससकट बरोबर ठेवा. वेळ लागतो म्हणून त्याच दिवशी सुरू करायचं.

आणि रेल्वेनं नेऊ नका. महालक्ष्मी सोयीची असली तरी डब्यात कोण खोकतंय सांगता येत नाही. गाडी करा, आणि गाडीत फक्त तुम्ही, बहीण, दाजी. सोडायला म्हणून गाव गोळा करू नका.

आकड्यांबद्दल माझं पण ऐका, कारण तुम्हाला पुढं वर्षभर आकड्यातच राहायचंय. ट्रान्सप्लांटनंतर सहा महिन्यांचा आणि बारा महिन्यांचा सीडी४ आणि त्यातल्या कोऱ्या पेशी, हे दोन टप्पे डॉक्टर फार बारकाईनं बघतात. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की साडेसहाशेच्या वर स्किड मुलांच्या अभ्यासात, २०१८ ला आलेल्या, त्या दोन वेळच्या आकड्यांवरून पुढं लांबवर कसं राहणार याचा अंदाज येतो असं दिसलंय. सोबत कायमेरिझम म्हणून टेस्ट असते, दात्याच्या पेशी किती टक्के रुजल्या ते कळतं. मी वहीत तारीख घालून लिहायचो. पहिले काही महिने सीडी४ हालायलाच तयार नव्हता, मध्ये वाढला, मग एका तापात परत निम्म्यावर आला, त्या रात्री मी आणि बायको एकमेकांशी बोललो पण नाही. सकाळी डॉक्टरांनी वही उलटी धरून मागची चार पानं दाखवली, म्हणाले एक आकडा बघू नका, रेघ कुठं चाललीये ते बघा. मुलगी आता बालवाडीत आहे.

साताऱ्याची_आई

मुंबईत एकटं वाटलं तर मेसेज करा, माझी बहीण दादरला असते, डबा पोचवेल. बाहेरचं खाऊ नका तिथं कुणी, बाळाला हात लावणारे सगळे तंदुरुस्त राहायला पाहिजेत.

जतचा_पाटील

डॉक्टरांनी नीट सांगितलं. मामा, जत-मिरज बाजूला कुणाला रक्त, प्लेटलेट द्यायला लागले तर आमची पोरं येतील, मुंबईत पण आमच्या गावचे खूप आहेत. नंबर पाठवतो.

तासगावकर_मामा

सगळ्यांचे उपकार. पहाटे चारला निघतोय, गाडी ठरली. थोरल्यांनीच पैसे काढून दिले. एक शेवटचं, मोठ्या भाचीला आम्ही आईकडं ठेवून जाणार होतो पण डोनर टेस्टसाठी तिला पण न्यावी लागेल ना? आणि येत्या रविवारी पोलिओचा डोस आहे, आशाताई घरी येऊन सांगून गेल्यात, तो देऊन आणू का?

बालरोग_रेसिडेंट

भाचीला आणा, पण तिला सर्दी-ताप नाही ना बघा, असेल तर दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीनं येऊ दे. पोलिओचे तोंडातले थेंब आत्ता तिला देऊ नका, ती जिवंत लस असते, तिच्या शौचातनं काही आठवडे बाहेर पडते आणि बाळापर्यंत पोचू शकते. पोलिओचं इंजेक्शन चालतं, त्यात जिवंत विषाणू नसतो. आशाताईंना कारण सांगा आणि घरी बाळ आहे म्हणून डॉक्टरांनी थेंब थांबवायला सांगितलेत असं कार्डावर लिहून घ्या, नाहीतर बूथवर कुणीतरी प्रेमानं पाजेल. बाळाचे राहिलेले रोटाव्हायरसचे आणि पोलिओचे थेंब पण बंद. परळला पोचलात की ओपीडीच्या रांगेत बाळाला घेऊन उभं राहू नका, एकानं आत जाऊन 'स्किडचं बाळ आहे, वेगळं बसवा' असं सिस्टरांना सांगा, बाळ तोवर गाडीतच राहू दे.